कारभारी बदलला, वेग का घटला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक अन्याय घडला. ज्या मनुष्याने उभे आयुष्य दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायांची गाऱ्हाणी मांडण्यात घालवले, त्याच्याच हातून तो घडावा याची मला लाज वाटते. त्या लाजेपोटीच आजचा विषय मी निवडला. विषय आहे घरातल्या इंटरनेटच्या डबीचा, म्हणजे राऊटरचा. कंपनीने त्या डबीत घातलेली आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती काढून तिच्या जागी दुसऱ्या कोणी तयार केलेली आज्ञावली बसवली की पुष्कळदा इंटरनेटचा वेग घटतो. तो का घटतो, आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी पदवीधर नव्हे. शाळा नववीत सुटली. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात काही वर्षे काढली, मग युनियनचे काम अंगावर आले ते आजतागायत. यंत्राविषयी जे काही कळते ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून कळलेले आहे. तेव्हा श्रोत्यांत कोणी इंजिनिअर असतील तर त्यांनी माझी ओबडधोबड भाषा सांभाळून घ्यावी. पण विधान चुकले तर सभेनंतर अवश्य माझा कान धरावा.

डहाणू स्टेशनापासून थोड्या अंतरावर आमच्या युनियनची एक खोली आहे. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे दावे आता बहुधा संगणकावरून भरले जातात. चिकूच्या वाड्यांतले मजूर, फुग्यांच्या कारखान्यातल्या बाया, तलासरीकडून कामाला येणारी तरुण मुले, सर्वांचे कागद या खोलीतून जातात. म्हणून आम्ही वर्गणी काढून ३०० मेगाबिटची फायबरची जोडणी घेतली. राऊटर मात्र जुनाच होता. त्याच्या कंपनीने सुधारित आज्ञावली पाठवणे केव्हाच बंद केले होते. आणि जुन्या आज्ञावलीत सापडलेली भोके बुजवली नाहीत, तर चोराला त्यातून आत येता येते. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची खाती ज्या डबीतून जातात, ती अशी उघडी ठेवणे बरे नव्हे. माझा भाचा पदविकेचे शिक्षण घेतो. तो म्हणाला, "मामा, डबी चांगली आहे, टाकू नका. आपण यात ओपनडब्ल्यूआरटी घालू." मला कल्पना आवडली. आपल्या पैशाने घेतलेल्या औजारात काय चालावे ते आपण ठरवावे, हे तर माझे जन्माचे मत!

आज्ञावली बसली, डबी सुरू झाली, आणि दुसऱ्याच दिवशी पाने उघडेनात. पूर्वी तारेवर २८५ मेगाबिट मिळत, तेथे ९५ मिळू लागले. वायफायवर तर जेमतेम ३५. मी तात्काळ निष्कर्ष काढला, की जोडणी देणारा आपल्याला फसवतो आहे. तक्रार केली. तलासरीकडचा एक तरुण लाइनमन भर पावसात मोटारसायकलवरून आला. त्याने आपला लॅपटॉप थेट फायबरच्या डबीला जोडला, आकडा दाखवला आणि म्हणाला, "काका, लाइन बरोबर आहे. तुमचा राऊटर तपासा." मी त्याचे ऐकले नाही. दुसरी तक्रार केली, मग तिसरी. तिन्ही वेळा तोच आला. पुढे कळले की एकाच ठिकाणाहून तीन तक्रारी झाल्या म्हणून ठेकेदाराने त्याच्या त्या महिन्याच्या भत्त्यातून पैसे कापले. कामगारांच्या पुढाऱ्याने एका कामगाराचे वेतन कापवले, असा याचा सरळ अर्थ होतो.

आता त्या डबीत घडले काय, ते पाहू.

राऊटर ही एक लहानशी कचेरी आहे असे समजा. कचेरीला बाहेरच्या जगात पत्ता बहुधा एकच. आत मात्र चार मोबाइल, दोन लॅपटॉप, एक टीव्ही असे अनेक रहिवासी. इंटरनेटवरचा सारा मजकूर लहान लहान पाकिटांत बांधून ये-जा करतो. आतल्या प्रत्येकाचे पाकीट बाहेर जाताना त्यावर कचेरीचा पत्ता घालावा लागतो, आणि उत्तर आले की नोंदवही पाहून ते कोणाचे हे ठरवून आत पोचवावे लागते. या आवक-जावकीचे काम करणारा कारकून म्हणजे डबीतला प्रोसेसर, आणि त्याला कामाची रीत घालून देणारा कारभारी म्हणजे फर्मवेअर.

कामाचा बोजा किती असतो? एका पाकिटात साधारण १५०० बाइट, म्हणजे १२ हजार बिट मावतात. ३०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ३० कोटी बिट. भागाकार केला की सेकंदाला २५ हजार पाकिटे होतात. एका पाकिटाला वेळ मिळतो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे ४० भाग. तेवढ्यात पत्ता बदलावयाचा, नोंद पाहावयाची, दरवाजावरची झडती घ्यावयाची आणि पाकीट पुढे ढकलावयाचे. स्वस्त राऊटरमधला कारकून इतका चपळ नसतो, आणि कंपन्यांना ते ठाऊक असते. म्हणून त्या चिपमध्येच एक वेगळा शिपाई बसवतात. नव्या संभाषणाची पहिली काही पाकिटे कारकून पाहतो आणि वाट ठरवून देतो. त्यानंतरची हजारो पाकिटे तो शिपाई कारकुनाला न विचारता परस्पर त्याच वाटेने सोडतो. खोक्यावर छापलेला मोठा वेग पुष्कळदा या शिपायाच्या जोरावर असतो, कारकुनाच्या नव्हे.

आणि मेख येथेच आहे. हा शिपाई जुन्या कारभाऱ्याचीच खूण ओळखतो. त्याला कामाला कसे लावावयाचे, याची कागदपत्रे चिप बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळदा बाहेर देत नाहीत. नवा कारभारी प्रामाणिक असतो, हुशार असतो, पण त्याला ती खूण ठाऊक नसते. मग शिपाई कोपऱ्यात बसून राहतो आणि सेकंदाची २५ हजार पाकिटे एकट्या कारकुनाच्या टेबलावर येऊन पडतात. कारखान्यात आपण हेच पाहतो. जुना कारागीर निघून गेला की यंत्र तेच असते, वीज तीच असते, पण त्याच्या हातातली कळ कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसल्यामुळे उत्पादन घटते. त्यात नव्या माणसाचा आळस नसतो.

नवा कारभारी आला कोठून, हेही सांगितले पाहिजे. २००२ च्या अखेरीस अमेरिकेतील लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा निळ्या-काळ्या रंगाचा राऊटर बाजारात आणला. त्याच्या पोटात लिनक्सची आज्ञावली आहे, हे २००३ मध्ये काही चौकस मंडळींच्या ध्यानात आले. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली दिली जाते, त्याची अट अशी की ती वापरून केलेली वस्तू जो दुसऱ्याला विकतो, त्याने तिची मूळ संहिताही त्याला उपलब्ध करून दिली पाहिजे. मागणी झाली, आणि त्याच वर्षी संहिता जाहीर करावी लागली. तिच्या आधाराने २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचे काम सुरू झाले. त्याच्या नावातली शेवटची अक्षरे त्या डबीच्याच नावातली आहेत. डीडी-डब्ल्यूआरटी हे दुसरे प्रसिद्ध फर्मवेअरही त्याच डबीच्या निमित्ताने जन्मले. म्हणजे हा हक्क कोणी दान केलेला नाही. परवान्याच्या अटीवर बोट ठेवून तो मिळवलेला आहे. मात्र त्या अटीने लिनक्सची संहिता मिळाली, प्रत्येक चिपच्या पोटातली विद्या मिळाली नाही. हक्क आणि विद्या यांमधले हे अंतर माझ्या ध्यानात नव्हते, म्हणून मी फसलो.

आता वायफायचे पाहू, कारण त्याची कारणे निराळी आहेत. पहिले कारण असे की वायफायच्या चिपलाही चालक लागतो, आणि तो सर्वच चिपांसाठी सारखा चांगला नसतो. क्वालकॉम-अथेरॉस आणि मीडियाटेक यांच्या पुष्कळ चिपांसाठी मुक्त चालक चांगले तयार झाले आहेत. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपांसाठी मात्र ते अपुरे आहेत, म्हणून त्या चिपा असलेल्या डब्यांवर ओपनडब्ल्यूआरटीचे वायफाय अनेकदा लंगडते.

दुसरे कारण म्हणजे देश. वायफायच्या लहरी किती जोराने आणि कोणत्या पट्ट्यावर सोडाव्यात, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. नवी आज्ञावली बसवल्यावर तिला 'भारत' असे सांगितले नाही, तर ती सर्व जगाला चालेल असा अतिसावध नियम पाळते. मग काही पट्ट्यांवर ती बोलतच नाही आणि काहींवर हळू आवाजात बोलते. आपल्याकडे २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मोठा पट्टा विनापरवाना वापरास खुला झाला आहे. पण देश न सांगितल्यास त्याचा लाभ मिळत नाही. कोणी म्हणेल, अमेरिकेचे नाव घालून आवाज वाढवला तर? तसे करू नये. ते बेकायदेशीर आहे आणि निरुपयोगीही आहे, कारण राऊटर कितीही ओरडला तरी तुमच्या मोबाइलचे उत्तर क्षीणच राहते. अमेरिकेत टीपी-लिंक कंपनीच्या काही राऊटरांत देश बदलून जोर वाढवता येत होता. त्या प्रकरणात २०१६ मध्ये कंपनीला २ लाख डॉलर भरावे लागले. त्याच समझोत्यात, लोकांना आपल्या पसंतीचे फर्मवेअर बसवता यावे यासाठी प्रयत्न करण्याचेही कंपनीने कबूल केले. लहरींचा नियम पाळावयाचा आणि औजारावरचा हक्कही सोडावयाचा नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, असा याचा अर्थ.

तिसरे कारण रुंदीचे. वायफायचा पट्टा २० मेगाहर्ट्झ रुंद ठेवता येतो, तसाच ४० किंवा ८० ठेवता येतो. रस्ता रुंद असला तर गाड्या जास्त जातात. आमच्या डबीत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा नीट लागलेलाच नव्हता; सारे मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या २० मेगाहर्ट्झ रुंद गल्लीतून जात होते. तेथे ३५ मेगाबिट मिळाले यात नवल नव्हते.

राहिले शेवटचे कारण, आणि ते आमच्याच हौसेचे होते. भाच्याने एसक्यूएम नावाची एक सोय चालू केली होती. ती वाईट नव्हे. किंबहुना फार उपयोगी आहे. पण कोठे उपयोगी, हे समजले पाहिजे.

स्टेशनवरच्या पार्सल कचेरीची कल्पना करा. चिकूच्या पेट्या चढवण्याची गती ठरलेली आहे, पण गोदाम मात्र अवाढव्य आहे. सकाळी कोणी हजार पेट्या आणून टाकल्या. त्यांच्यामागून एक मनुष्य औषधाचे लहानसे पुडके घेऊन आला. गोदामात जागा आहे, म्हणून पुडके घेतले जाते. पण ते हजार पेट्यांच्या मागे पडून राहते. इंटरनेटच्या तारेवर हेच होते. कोणी मोठी चित्रफीत चढवू लागला की साठवणीच्या जागा भरतात आणि दुसऱ्याचे बोलणे तुटक ऐकू येते. जिम गेटिस या अमेरिकन तंत्रज्ञाने सुमारे १५ वर्षांपूर्वी या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले आणि त्याला 'बफरब्लोट' म्हणजे साठवणीची सूज असे नाव रूढ केले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग फार वेळ तुंबू न देण्याची कोडेल ही युक्ती प्रसिद्ध केली. एसक्यूएम त्याच जातीच्या युक्त्यांवर चालते. ते वेग मुद्दाम तारेच्या कमाल वेगाच्या किंचित खाली ठेवते, आणि लहान पुडक्यांना पेट्यांच्या रांगेतून वाट करून देते.

मात्र हे सारे काम कारकुनाला करावे लागते. प्रत्येक पाकीट त्याच्या हातून गेल्याशिवाय रांग लावता येत नाही, म्हणून शिपायाला परस्पर पाकिटे सोडू देता येत नाहीत. ३०० मेगाबिटच्या तारेवर आमचा जुना कारकून त्या ओझ्याने बसलाच.

मौज अशी की हीच सोय तलासरीत वरदान ठरली. तेथील एका पाड्यावर आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी तबकडीवरून, हवेतून येणारी १० मेगाबिटची जोडणी आहे. मुलगी अभ्यासाचा वर्ग ऐकत असताना भाऊ फोटो चढवू लागला की वर्ग तुटत असे. त्याच्या डबीत हेच फर्मवेअर घातले आणि एसक्यूएमला ९ मेगाबिटची मर्यादा दिली. वेगाचा आकडा १० वरून ९ वर आला, आणि वर्ग तुटायचा थांबला. सेकंदाला सात-आठशे पाकिटे हाताळणे जुन्या कारकुनाला मुळीच जड नाही. म्हणजे तीच आज्ञावली डहाणूत अडचण झाली आणि तलासरीत सोय झाली. आज्ञावली चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या तारेवर आणि कोणत्या डबीत, हे विचारले पाहिजे.

वाटेचा कोणता टप्पा तुंबला आहे, हे आधी शोधावे हा धडा आपल्याच जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आहे. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली 'ग्राम मार्ग' नावाचा प्रयोग पालघरजवळच्या खामलोली परिसरात केला. त्यांनी पाहिले की फायबर पंचायतीपर्यंत पोचले तरी पंचायतीपासून पाड्यापर्यंतचा मधला टप्पा कोरडाच राहतो. तो त्यांनी दूरदर्शनसाठी राखलेल्या पण मोकळ्या पडलेल्या लहरींनी जोडून दाखवला, कारण त्या लहरी झाडीतून अधिक लांब जातात. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या प्रयोगाला बक्षीस मिळाले. त्यांनी आधी टप्पा शोधला, मग उपाय केला. मी उपाय आधी केला आणि शोध नंतर.

तेव्हा शोध कसा घ्यावा, ते सांगतो. पहिले माप फायबरच्या डबीला लॅपटॉप थेट तारेने जोडून घ्यावे. ते बरोबर आले तर जोडणी देणारा निर्दोष आहे. दुसरे माप राऊटरच्या मागे, पण तारेनेच घ्यावे. ते घटले तर कारकून थकला आहे. माप चालू असताना राऊटरच्या पानावर प्रोसेसरचा भार पाहावा, तो शंभराला टेकलेला दिसेल. तिसरे माप वायफायवर, डबीच्या शेजारी बसून घ्यावे. पहिली दोन बरोबर आणि हेच कमी असेल, तर देश, पट्टा आणि रुंदी पाहावी. माप खुद्द राऊटरवरून घेऊ नये, कारण मोजण्याचे कामही त्याच कारकुनाच्या डोक्यावर पडते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

या क्रमाने गेलो तेव्हा आमचे काम एका संध्याकाळी झाले. एसक्यूएम बंद केले; तारेवरचे ९५ मेगाबिट १७० झाले. मग ओपनडब्ल्यूआरटीमध्ये २०१८ पासून असलेली 'फ्लो ऑफलोडिंग' ही सोय चालू केली. तिच्यामुळे ठरलेल्या वाटेची पाकिटे कारकून स्वतःच कमी तपासणीने सोडतो. आणि काही चिपांवर तर ती खऱ्या शिपायालाही कामाला लावते. आमच्या चिपवर ते साधले नाही, तरी २५० मिळाले. देश भारत केला, ५ गिगाहर्ट्झवर ८० ची रुंदी दिली, आणि वायफाय ३५ वरून २१० वर गेले. मूळचे २८५ परत आले नाहीत. ते ३५ मेगाबिट ही चोराला दार बंद केल्याची किंमत, असे मी मानतो. आणि दावे भरावयास २५० पुरून उरतात.

ज्यांना हा उद्योग करावयाचा आहे, त्यांना आणखी तीन सूचना. जोडणी देणाऱ्याची डबी असेल तर तिला हात लावू नये; ती आपली नव्हे. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आपल्या डबीचे नेमके मॉडेल आणि आवृत्ती पाहिल्याशिवाय काही बसवू नये, नाहीतर डबी कायमची मुकी होते. आणि १६ मेगाबाइट साठवण व १२८ मेगाबाइट स्मृती यांहून कमी असेल तर त्या वाटेला जाऊ नये. नवी डबी घेणार असाल तर घेण्यापूर्वीच तिच्या चिपचे नाव विचारावे. २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी स्वतःची ओपनडब्ल्यूआरटी वन ही डबीही बाजारात आणली आहे.

त्या तरुणाकडे मी स्वतः गेलो. चूक माझी होती हे सांगितले, आणि तिन्ही तक्रारी चुकीच्या होत्या असे ठेकेदाराला लेखी कळवले. कापलेले पैसे त्याला पुढच्या महिन्यात मिळाले. पावसातल्या तीन फेऱ्यांचे पेट्रोल मात्र कोणी दिले नाही. मी देऊ केले, ते त्याने घेतले नाही.

आता युनियनच्या खोलीत राऊटरच्या वर एक वही टांगली आहे. इंटरनेट मंद वाटले तर तीन मापे घेऊन त्या वहीत तारखेसह लिहावयाची, आणि पहिले माप कमी असेल तरच तक्रारीचा फोन करावयाचा, असा ठराव आम्ही केला आहे. तो ठराव मीच मांडला, आणि वहीतले पहिले पानही माझ्याच हातचे आहे.